पाठमोरं हृदय

ट्रक ड्रायव्हरने खुर्चीत बसून टोपी काढली आणि तात्याच्या हातातला कपडा हातातच राहिला.

डोक्यावर एक केस नव्हता. महिन्यापूर्वी याच डोक्याला कानांच्या पाळ्यांपर्यंत उतरलेले दाट कल्ले होते. ते तात्यानेच कोरून दिले होते. आता तिथे नुसती निळसर चकाकी होती आणि तिच्यावर वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब.

"हे काय करून आलात?"

"उकाडा हो, तात्या. खाली इंजिनाची धग, वर ऊन. वाटेत एकाच्या हातात मशीन दिसलं. म्हटलं, फिरव."

"फिरव म्हणे! आणि माझी आम्लं?"

"कसली आम्लं?"

"डाव्या कल्ल्यावर आम्लं ठेवली होती. उजव्यावर आम्लारी. टाळूवर दोघांची गाठ पडली की क्षार आणि पाणी. सगळं झाडून टाकलंत की हो! पेपर तोंडावर आलाय माझा."

ड्रायव्हरने ओशाळून डोक्यावरून हात फिरवला. बाकावर बसलेला वायरमन खो खो हसला.

"उगवतील की परत," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमचे उगवतील. माझा धडा उगवायचा नाही." तात्याने आरशात त्याच्याकडे नीट पाहिलं. डोकं गेलं होतं, पण मिशा जागच्या जागी होत्या, चांगल्या भरघोस. त्याने एक टोक चिमटीत धरलं, मग दुसरं. "या उतरवायचा विचार नाही ना?"

"घरात राहायचंय मला. बायको मिशांवर भाळली होती."

"मग झालं. हे टोक आम्ल, हे टोक आम्लारी. मध्ये ओठ. ओठाला क्षार लागतो, म्हणजे खारट. बसा आता गप्प, दाढी करतो. बोललात तर सांडेल."

तात्या दहावीला बाहेरून बसला होता. बाकीचे विषय त्याने पहिल्याच खेपेला सोडवले होते. विज्ञान मात्र दोनदा हातून गेलं होतं आणि ही तिसरी खेप होती. या वयात हे खूळ कशाला, असं विचारणारे पुष्कळ होते. त्यांना तो पँटचा पाय वर करून पोटरी दाखवायचा. आयुष्यभर उभं राहून तिथल्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. उभं राहणं कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उभं न राहता केस कसे कापायचे, ते काही डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. नव्या प्रशिक्षण केंद्रात केशकर्तन शिकवायला माणूस हवा होता. तात्याच्या हाताखाली शिकून दुकानं थाटलेली मुलं त्या केंद्राच्या बाईंनी पाहिली होती. माणूस तुम्हीच, असं त्या म्हणाल्या होत्या, पण दहावीचा कागद आणा. दोन खेपा त्या थांबल्या. या वेळी मात्र त्यांनी स्पष्टच सांगितलं, "यंदाच्या निकालाला नाव नसेल तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, तात्या. माझा नाइलाज आहे."

मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती आणि अभ्यासात पहिल्यापासून हुशार. तिने बापाचा अभ्यास मनावर घेतला. तिच्या सांगण्यावरून तात्याने आरशाच्या कडेने चिठ्ठ्या चिकटवल्या. तोंडाला फेस लावलेली गिऱ्हाइकं त्या मोठ्याने वाचू लागली आणि अपवर्तन म्हणजे काय हो, असं त्यालाच विचारू लागली. पहाटे उठून वाचायला बसला, तेव्हा पुस्तकावर डोकं ठेवून अशी गाढ झोप लागली की तशी गादीवरही लागत नसे. एकेक उत्तर दहा दहा वेळा लिहून काढलं. हाताला वळण लागलं, डोक्याला काही नाही. मग मुलीने धडे स्वतःच्या आवाजात मोबाइलवर भरून दिले. ते दिवसभर दुकानात वाजायचे आणि गाडी किती नंबरच्या फलाटावर लागणार आहे, असं पोस्टमन मुद्दाम विचारायचा.

"अहो, आणायला सांगितलेली साखर विसरता," बायको म्हणायची, "आणि कुणाच्या डोक्याला कुठे खोक आहे ते झोपेतसुद्धा सांगता. धन्य आहे तुमची."

ती टोमणा मारत होती. तात्याला त्याचा अर्थ कळला तो दुसऱ्या खेपेच्या पेपरात. सगळा पेपर अंधारासारखा समोर पसरला होता आणि मध्येच एक प्रश्न लख्ख पेटला. वितळतार. आदल्या आठवड्यात वायरमनची मान कोरताना त्याने फ्यूज का उडतो ते सविस्तर सांगितलं होतं. तात्याला ती मान दिसली. मानेवरचा, केस विरळ होतात तो नेमका पट्टा दिसला. जिथे सगळ्यांत विरळ, तिथेच आधी तुटणार. हात आपोआप लिहीत गेला. त्या पेपरात पूर्ण आलेलं उत्तर तेवढं एकच.

मग त्याने चिठ्ठ्या फाडल्या, मोबाइल बंद केला आणि मुलीला सांगितलं, "तुझी पद्धत तुला लखलाभ. माझं डोकं माझ्या हातात आहे."

तेव्हापासून एकेक धडा एकेका डोक्यावर चढला. बँकेच्या मॅनेजरच्या टकलावर बहिर्वक्र भिंग आणि कानामागच्या खळग्यात अंतर्वक्र. पोस्टमनच्या कुरळ्या केसांत आनुवंशिकता, कारण त्याचा बाप आणि आजोबा याच खुर्चीत बसून तेच कुरळे केस कापून गेले होते. गिऱ्हाइकांना प्रथम गंमत वाटली, मग अभिमान वाटू लागला. आपल्या डोक्यावर सोपा धडा ठेवला म्हणून शिंपी तर चक्क रुसला.

एकच डोकं रिकामं होतं.

त्या डोक्याचा मालक या क्षणी बाकाच्या टोकाला वर्तमानपत्र उघडून बसला होता. ड्रायव्हर उठला तशी मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा खिशात ठेवला आणि खुर्चीत येऊन बसले. दर आठवड्याला दाढी, महिन्याला केस. निवृत्त झाल्यापासून हा क्रम चुकला नव्हता.

"सगळ्या वस्तीच्या डोक्यावर काही ना काही चढवलंस म्हणे," ते आरशातून म्हणाले.

"हो."

"माझ्या डोक्यावर काय आहे?"

"काही नाही, मास्तर."

"का रे?"

तात्या वाटीत ब्रश फिरवत राहिला. "तुमचं आधीच भरलेलं आहे. वर कुठे ठेवू?"

वायरमनने खाली पाहिलं. काय चाललंय ते दुकानातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. सहावीच्या वर्गात मास्तरांनी तात्याला पुढे उभं केलं होतं, बोटांच्या पेरांनी त्याच्या डोक्यावर टकटक वाजवलं होतं आणि वर्गाला विचारलं होतं, आवाज ऐकलात? भुसा आहे आत. वर्ग हसला. त्यानंतर पोरं त्याला भुशा म्हणू लागली आणि वर्ष संपायच्या आत भुशाने शाळा सोडली, ती कायमची. पुढे वाचायला तो या दुकानात शिकला, गिऱ्हाइकांसाठी घेतलेल्या वर्तमानपत्रांवर, तेही मिसरूड फुटून गेल्यावर.

मास्तरांना ते आठवत होतं की नाही, कोण जाणे. ते कधी बोलले नव्हते आणि तात्याने कधी विचारलं नव्हतं. पण एक गोष्ट वायरमनच्यासुद्धा लक्षात आली होती. खुर्चीत कलेक्टर बसो की हमाल, तात्या त्याच्या टाळूवर दोन बोटं ठेवून म्हणायचा, "मान खाली." मास्तरांना त्याने ते कधीच म्हटलं नव्हतं. त्यांची मान कोरायची तर तो स्वतःच गुडघ्यांत वाकायचा आणि दुखऱ्या पोटऱ्यांनी तसाच अवघडून कात्री चालवायचा.

"अभ्यास स्वतःच्या डोक्यात ठेवायचा असतो," मास्तर म्हणाले. "दुसऱ्याच्या नव्हे."

"माझ्यात भुसा आहे ना. जागा नाही." तात्याने त्यांच्या गालाला फेस लावला. "बोलू नका आता. तोंडात जाईल."

घरी वेगळाच तिढा होता. हृदयाचा धडा कुठल्याच डोक्यावर बसत नव्हता. तात्याने तो शिंप्याच्या डोक्यावर ठेवून पाहिला, घसरला. मॅनेजरच्या टकलावर तर टिकायला जागाच नव्हती. दोन खेपांना आकृतीचे सगळे गुण गेले होते आणि आताही मुलगी त्याने काढलेलं चित्र समोर धरून बसली होती.

"बाबा, परत उलटं. उजवं अलिंद डावीकडे दाखवायचं."

"उजवं डावीकडे कशाला दाखवू? उजवं उजवीकडे असतं."

"अहो, चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्याची उजवी बाजू म्हणजे आपली डावी."

"माझ्याकडे तोंड करून कोण उभा असतो? जन्मभर मी माणसांच्या मागे उभा आहे. त्यांचा उजवा कान तो माझ्या उजव्या हाताशी. आरशात बघितलं तरी उजव्या हातालाच. आणि हे पुस्तक मला सांगणार उजवा कुठला ते?"

"पुस्तक चुकलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"चुकलं नाही. ते समोर बसलंय, एवढंच."

आतून बायकोचा आवाज आला. "अगं, लग्नातसुद्धा हे चुकीच्या बाजूला बसले होते. सोड नाद."

मुलगी हसली नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, तुमचा हट्ट मला कळतो. पण केंद्राच्या बाई पुढच्या खेपेला थांबणार नाहीत. एवढं एक चित्र पुस्तकासारखं काढा. हात जोडते."

तात्याने मान हलवली, पण कशासाठी ते तिला कळलं नाही.

रक्त आधी फुप्फुसांकडे जातं, परत येतं, मग अंगभर जातं, परत येतं. एकाच हृदयातून दोन फेरे. यासाठी दोन भोवरे असलेलं डोकं हवं होतं. साऱ्या वस्तीत असं डोकं एकच होतं. वर्षानुवर्षं त्याच्या बोटांना ते ठाऊक होतं. टाळूच्या मागच्या बाजूला दोन भोवरे, एक उजवीकडे, एक डावीकडे, एकमेकांच्या उलट फिरणारे आणि मधून जाणारी केसांची बारीक रेघ. कापताना जरा दुर्लक्ष झालं की तिथले केस ताठ उभे राहायचे.

त्या डोक्यावर काही ठेवायचं नाही, असं तात्याने ठरवलं होतं. नापास झालो तरी चालेल, पण त्या डोक्याचे उपकार नकोत.

पेपरच्या आदल्या दिवशी मास्तर केस कापायला आले.

तात्याने कपडा बांधला, पाणी मारलं, कंगवा घातला. नेहमीसारखा गुडघ्यांत वाकला. कानांच्या कडा झाल्या, मान झाली, मग तो उठून टाळूकडे आला. कंगवा उजव्या भोवऱ्यावर टेकला आणि गोल फिरला. तात्याचे ओठ हलले. त्याने ते घट्ट मिटले. कंगवा रेघ ओलांडून डाव्या भोवऱ्यावर गेला आणि उलटा फिरला, कारण केसच तसे होते, दुसरीकडून फिरवता आलाच नसता. ओठ पुन्हा हलले.

"काय पुटपुटतोयस?"

"काही नाही."

"मोठ्याने बोल. पुटपुटणाऱ्याला मी गुण देत नाही."

कात्री थांबली. बाकावरचा पोस्टमन वर्तमानपत्र वाचायचा थांबला.

"तुमच्याकडे गुण मागितलेत कुणी?" तात्या म्हणाला. आवाज चढला होता. आपला आवाज एवढा चढतो, हे त्यालाही नवीन होतं. "ऐकायचंय ना? ऐका. अंगभर फिरून दमलेलं रक्त इथे येतं. उजवं अलिंद." कंगव्याचं टोक उजव्या भोवऱ्यावर टेकलं. "इथून खाली उजव्या निलयात. तिथून बाहेर, फुप्फुसांकडे. हा पहिला फेरा. ताजं होऊन परत येतं ते इथे, डाव्या अलिंदात. मग डावं निलय. त्याची भिंत जाड, कारण त्याला लांब रेटायचं असतं, पार माझ्या पोटऱ्यांपर्यंत. हा दुसरा फेरा. मधली ही रेघ म्हणजे पडदा. इकडचं तिकडे होऊ देत नाही."

तो थांबला. एकदाही अडखळलो नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

मास्तरांनी आरशात पाहिलं नाही. ते मांडीवर पडलेल्या पांढऱ्या केसांकडे बघत होते.

"पुस्तकातली आकृती उलट असते," ते हळू म्हणाले. "समोरून."

"माहीत आहे."

"तपासणारा पुस्तक समोर ठेवून तपासतो. मीही तसंच तपासायचो. वेगळं दिसलं की काट."

"मारू दे काट."

मास्तर उठले, चष्मा लावला आणि आज डोक्यामागे आरसा धरायची वाट न बघता गेले.

परीक्षेच्या हॉलमध्ये तात्याचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. आजूबाजूची मुलं नातवंडांच्या वयाची होती. त्याने पेपर उघडला, डोळे मिटले आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत चालवायला सुरुवात केली. वायरमन आला, बसला, उठला. मॅनेजर आला. ड्रायव्हर मिशांना पीळ भरत येऊन गेला.

"काका, हातवारे कसले करताय?" वर्गावर देखरेख करणाऱ्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"केस कापतोय."

"काय?"

"काही नाही, बाई. तुमचं चालू द्या. मी कुणाचं बघत नाहीये."

शेवटच्या पानावर प्रश्न होता. मानवी हृदयाची आकृती काढून दुहेरी रक्ताभिसरण स्पष्ट करा. तात्याने पेन्सिल उचलली. त्याला मुलीचे जोडलेले हात आठवले. केंद्रातली ती खुर्ची आठवली, शिकवणाऱ्याला बसायला मिळते ती. एवढं एक चित्र पुस्तकासारखं. त्याने उजवं अलिंद डावीकडे काढायला घेतलं.

आणि मनातल्या खुर्चीत पाठमोरे बसलेले मास्तर गर्रकन वळले. भोवरे गेले. समोर काळ्या केसांचा, तरुण चेहरा आला, उचललेला हात आला, पेरांची टकटक आली. वर्ग हसायला लागला. अलिंद कुठलं आणि निलय कुठलं, सगळं भुशासारखं उडून गेलं.

तात्याने पेन्सिल खाली ठेवली. तळवे पँटला पुसले. मग मनातल्या मनात खुर्चीची पाठ धरली, पायाने खटका दाबला आणि मास्तरांना खुर्चीसकट आरशाकडे वळवलं. कपडा घट्ट बांधला. पुन्हा दोन भोवरे दिसले, उजवा उजवीकडे, डावा डावीकडे.

काढलेलं त्याने खोडलं आणि नव्याने काढलं, एका दमात, बाण, पडदा, जाड भिंत आणि सगळी नावं. आकृतीखाली ठळक अक्षरांत लिहिलं: हृदय. माणसाच्या मागे उभे राहून पाहिलेले. क्षणभर थांबून त्याने त्या ओळीखाली रेघ मारली.

"पुस्तकासारखं काढलंत ना?" घरी आल्यावर मुलीने विचारलं.

"नाही."

बायकोने पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला. "कसं आलं, ते तरी विचार," ती मुलीला म्हणाली.

"आलं," तात्या म्हणाला. "पहिल्यांदाच सगळं आलं."

महिना झाला तेव्हा मास्तर केस कापायला आले. निकाल लागायचा होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला, पण खिशात ठेवला नाही, हातातच धरून बसले.

"मी आलो होतो का पेपरात?"

तात्याने कपडा झटकला. "आलात."

"कसा?"

"पाठमोरे."

मास्तरांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या. "म्हणजे ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"मी चाळीस वर्षं वर्गाच्या पुढे उभा होतो," मास्तर म्हणाले. ते तात्याशी बोलत होते की आरशाशी, ते कळत नव्हतं. "मागे कधी गेलो नाही. मागून वर्ग कसा दिसतो, कोण जाणे."

तात्याने केसांवर पाणी मारलं. पाण्याने भोवरे ओले होऊन स्पष्ट दिसू लागले.

"दोन्ही आहेत ना अजून?" मास्तरांनी विचारलं. "वय झालं. केस जातात."

"आहेत."

"मग निकालापर्यंत तिथे जरा सांभाळून काप."

"ते माझं मी बघेन."

कात्री उचलून तात्या मागे उभा राहिला. सवयीने गुडघे वाकू लागले होते. त्याने ते सरळ केले. डाव्या हाताची दोन बोटं त्याने पांढऱ्या केसांवर ठेवली, रेघेच्या दोन्ही बाजूंना.

"मान खाली, मास्तर."

आरशातला चेहरा क्षणभर तसाच राहिला. मग मास्तरांनी मान खाली घातली.